एक बाई सांगा, पण 'पहिली' हा शब्द न वापरता

शाईची दौत (धागाकर्ती)

मार्च उजाडला की तेच सहा-सात चेहरे फिरायला लागतात. गुलाबी पार्श्वभूमी, कोपऱ्यात फुलं आणि खाली एकच ओळ: अमुक क्षेत्रातली पहिली महिला. मीही पुढे ढकलते, खोटं कशाला बोलू. परवा भाचीने विचारलं, "मावशी, ही पहिली आली ते कळलं. पण हिने केलं काय?" आणि माझी बोलती बंद.

म्हणून हा धागा. कुठल्याही देशातली, कुठल्याही शतकातली, कुठल्याही क्षेत्रातली बाई चालेल. अट एवढीच की 'पहिली', 'जिद्द', 'संघर्ष' आणि 'प्रेरणादायी' हे चार शब्द बाद. एखाद्या साध्या दिवशी ती हाताने नेमकं काय करत होती ते सांगा.

सुरुवात मी करते. हेन्रिएटा लेविट. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या तावदानांवर आकाशाची छायाचित्रं येत. दक्षिणेकडचं आकाश पेरूतल्या आरेकीपाहून यायचं. सगळ्या निगेटिव्ह, त्यामुळे आकाश फिकट आणि तारे काळे ठिपके, माश्या बसून गेल्यासारखे. लेविटला ऐकू कमी यायचं. मजुरी ताशी ३० सेंट. काम असं की एकाच भागाच्या वेगवेगळ्या रात्रींच्या काचा एकमेकींवर ठेवायच्या आणि कुठला ठिपका जाड झाला, कुठला बारीक झाला ते शोधायचं. दिवसचे दिवस हेच.

१९०८ साली मॅगेलनच्या ढगांमधल्या, म्हणजे दक्षिणेच्या आकाशातल्या ताऱ्यांच्या दोन पुंजक्यांमधल्या, तेज बदलणाऱ्या १७७७ ताऱ्यांची तिची यादी छापून आली. त्यातल्या १६ ताऱ्यांच्या तक्त्याखाली तिने सहज नोंदावं तसं नोंदवलं होतं की जास्त तेजस्वी ताऱ्यांना मिणमिणण्याचा एक फेरा पुरा करायला जास्त दिवस लागतात. १९१२ मध्ये असे २५ तारे आलेखावर मांडले, तर ते सरळ रेषेत बसले. हे सगळे तारे एकाच ढगातले, म्हणजे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. मग फेऱ्याचा काळ मोजला की ताऱ्याचं खरं तेज कळतं, आणि तेज कळलं की तो किती लांब आहे ते कळतं. दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ हबलने देवयानी नावाच्या आकाशातल्या धूसर पट्टीत असाच एक तारा पकडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळीच दीर्घिका निघाली. मोजपट्टी लेविटची.

१९१२ च्या त्या पत्रकाखाली सही वेधशाळेच्या संचालकांची आहे. मजकूर मिस लेविट यांनी तयार केला, हे मात्र त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलंय, तेवढं श्रेय त्यांना देते. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी तिचं नाव सुचवावं म्हणून तिला पत्र धाडलं. तिला जाऊन तोवर तीन वर्षं उलटली होती.

या आता.

कोहं

वाचतोय. पण 'पहिली' बाद केल्यावर निम्म्या लोकांचं भांडवलच गेलं की. :)

वाटसरू२२

छान धागा! माझ्याकडून आनंदीबाई जोशी. भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर, १८८६.

आकडेमोड

@वाटसरू, कादंबिनी गांगुलींना विसरलात. त्यांचंही वर्ष १८८६, शिवाय शिक्षण इथलंच, कलकत्त्याचं.

जुनीपानं

आणि प्रत्यक्ष दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं ते रखमाबाईंनी. आनंदीबाई बिचाऱ्या १८८७ च्या फेब्रुवारीतच गेल्या.

वाटसरू२२

पदवी आधी की प्रॅक्टिस आधी, ते ठरवा आणि मग बोला.

शाईची दौत

अहो, थांबा! बघा, म्हणूनच तो शब्द बाद केला. चार प्रतिसाद झाले आणि तिघींपैकी एकीनेही काय केलं ते कुणाला कळलं नाही. जुनीपानं, तुम्ही रखमाबाई काढल्यात, आता तुम्हीच सांगा. वाटसरू, तुमच्यावर एक बाई उधार.

जुनीपानं

चूक मान्य. सांगते.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलं. त्या आईकडेच राहिल्या, शिकल्या, आणि मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम काढला की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी कळवलं, तुरुंग चालेल.

खटला चालू असतानाच त्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहीत होत्या. नाव नाही, सही फक्त 'एक हिंदू स्त्री'. बालविवाहाने मुलीचं शिक्षण कसं मधेच तुटतं हे त्यांनी स्वतःचं आयुष्य समोर ठेवून लिहिलं. मला या पत्रांचं फार अप्रूप वाटतं. घरातल्या घरात धुमसणारी गोष्ट छापील कागदावर आणायची म्हणजे तेव्हा काय धारिष्ट लागलं असेल. ही पत्रं लिहिणारी आणि कोर्टातली प्रतिवादी एकच, हे पुढे उघड झालं.

१८८८ मध्ये तडजोड झाली, नवऱ्याला २००० रुपये देऊन. त्यानंतर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत आणि राजकोटच्या स्त्रियांच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य काढलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, त्याआधीच्या वादात हा खटला सगळ्यांच्या तोंडी होता. टिळकांनी 'केसरी'त कुणाची बाजू घेतली ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात आज शिरत नाही, धागा भरकटेल.

कोहं

शिरू नकाच. तीनशे प्रतिसाद होतील आणि धाग्याला कुलूप लागेल.

उत्तररात्र

माझी जोसलिन बेल. बाईंचं भाषण मी इतक्या वेळा वाचलंय की सगळं डोळ्यांसमोर आहे.

केंब्रिज, १९६७. पीएचडीची विद्यार्थिनी. रेडिओ दुर्बीण म्हटल्यावर आपल्याला मोठी थाळी आठवते. ही दुर्बीण म्हणजे साडेचार एकरांचं शेत होतं. हजारावर खुंट ठोकलेले आणि त्यांवर तारा ताणलेल्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या. खुंट ठोकायला ही मोठा हातोडा घेऊन स्वतः उभी. दोन वर्षं बांधकामातच गेली. दुर्बीण सुरू झाली तसा रोज ३० मीटर कागद बाहेर पडायला लागला, त्यावर पेनाची वेडीवाकडी रेघ. ती सगळी डोळ्यांनी तपासायची.

आकाशाची एक फेरी म्हणजे सुमारे १२० मीटर कागद. त्यात एका जागी जेमतेम पाव इंच गचाळ खरवड दिसायची. तारा वाटावा अशी नाही, आणि जवळच्या गाडीचा किंवा यंत्राचा खरखराट वाटावा अशीही नाही. दुसरा कुणी असता तर पान उलटून पुढे गेला असता. हिला मात्र आठवलं की ही खरवड आपण आधी पाहिलीय, आणि आकाशाच्या याच कोपऱ्यात.

कागद भराभर पळवून ती खरवड ताणून बघायची ठरवली, तर महिनाभर ती गायबच. २८ नोव्हेंबरला सापडली. टक, टक, टक, दर १.३३ सेकंदाला एक ठोका. गाइडांना फोन केला तर ते म्हणाले, हे मानवनिर्मितच असणार. परग्रहवासी असतील म्हणून थट्टेने 'छोटी हिरवी माणसं' असं नाव पडलं. मग नाताळच्या तोंडावर आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसली खरवड दिसली. रात्री दोनला ही दुर्बिणीपाशी गेली. थंडीने यंत्र आखडलं होतं. तिने त्यावर फुंकर घातली, शिव्या घातल्या, ते पाच मिनिटं चाललं आणि नेमकी हवी ती पाच मिनिटं मिळाली. दुसऱ्या दिशेनेही तसाच ठोका. दोन वेगवेगळ्या ठिकाणची हिरवी माणसं एकाच तऱ्हेने आपल्यालाच हाका मारतील, हे काही पटणारं नव्हतं. म्हणजे तारेच, असे ठोके देणारे. पल्सार.

बातमी फुटल्यावर पत्रकार आले. गाइडांना विचारलं, याचं भौतिकशास्त्रीय महत्त्व काय. तिला विचारलं, मित्र किती आहेत.

टिकलीएवढं

फुंकर घातली आणि शिव्या घातल्या!! मी प्रयोगशाळेत काम करते. हे वाक्य भिंतीवर लावणार आहे.

कोहं

आणि १९७४ चं नोबेल मिळालं गाइडांना. बाई बाहेर. चोरी आहे ही सरळ सरळ.

उत्तररात्र

कोहं, मलाही राग येतो. पण स्वतः बाई तसं म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की प्रकल्पाची जबाबदारी गाइडची असते, फसला असता तरी त्याचीच. मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यांच्या तोंडी आपलं गाऱ्हाणं कोंबणंही बरोबर नाही. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. अख्खी रक्कम त्यांनी पीएचडी करू पाहणाऱ्या, एरवी मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकली.

आकडेमोड

हाच मुद्दा रोझालिंड फ्रँकलिनबद्दल. 'तिचा फोटो चोरला' एवढीच गोष्ट सगळीकडे फिरते. तो डीएनएचा क्ष-किरण फोटो मे १९५२ मध्ये तिच्या हाताखालच्या गोस्लिंगने काढला, आणि तिचा सहकारी विल्किन्सने तो डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसनला दाखवला तेव्हा ती प्रयोगशाळा सोडायच्या बेतात होती आणि तिला विचारलं नाही. हे वाईटच. पण तिची खरी मोजमापं वॉटसन आणि त्याचा जोडीदार क्रिक यांच्यापर्यंत पोचली ती एका अहवालातून, आणि क्रिकला फोटोपेक्षा त्यांचा उपयोग जास्त झाला. एप्रिल १९५३ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात तीन निबंध लागोपाठ छापले गेले, त्यातला एक तिचा आणि गोस्लिंगचा.

मला खटकतं ते वेगळंच. तिला फक्त लुबाडली गेलेली बाई केलं की बाकीचं सगळं पुसलं जातं. त्याआधी तिने कोळशावर काम केलं होतं, कुठल्या कोळशातून वायू जातो आणि कुठल्या नाही यावर. नंतर तंबाखूच्या पानावरच्या विषाणूची रचना उलगडली, मग पोलिओच्या विषाणूकडे वळली. १९५८ मध्ये ३७ व्या वर्षी कर्करोगाने गेली. तिच्या थडग्यावर विषाणूंवरच्या संशोधनाचा उल्लेख आहे. डीएनएचा नाही.

शाईची दौत

थडग्याचं ठाऊक नव्हतं. अंगावर काटा आला.

वाटसरू२२

तसं तर आइनस्टाइनचं सगळं काम त्याच्या बायकोनेच केलं होतं म्हणतात.

आकडेमोड

म्हणतात, पुरावा नाही. आणि असलं एक हवेतलं विधान केलं की खरी उदाहरणंही लोक हसण्यावारी नेतात. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरचं घ्या. संगणकात तिला किडा सापडला आणि यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणणं तिथून आलं, ही सांगोवांगी. १९४७ चा तो पतंग खरा आहे, नोंदवहीत चिकटवून ठेवलाय. पण तो तिनेच पकडला असं नाही, आणि एडिसन १८७८ मध्येच हा शब्द वापरत होता. तिने केलं काय ते याहून भारी. माणसाने आपल्या सोयीच्या खुणांत लिहावं आणि यंत्राने ते आपल्या भाषेत करून घ्यावं, हा मार्ग तिने १९५२ मध्ये चालवून दाखवला. भाषणांना जाताना पिशवीत तारेचे तुकडे घेऊन जायची, एकेक सुमारे ३० सेंटिमीटरचा, आणि वाटायची. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढीच जाते, हे हातात धरून बघा म्हणून.

टिकलीएवढं

माझा नंबर. तू यूयू. चीन, हिवतापावरचं औषध.

सरकारी गुप्त प्रकल्प, जुन्या वैद्यकाच्या पोथ्यांतले नुस्खे तपासायचं काम हिच्या गटाकडे. छिंगहाव नावाची वनस्पती कधी गुण देई, कधी नाही. पद्धत नेहमीची, उकळून काढा करायचा. तिने चौथ्या शतकातल्या गे होंगच्या पुस्तकातली एक ओळ पुन्हा वाचली: मूठभर पाला पाण्यात भिजव, पिळ, रस पी. यात उकळणं कुठेच नाही! म्हणजे उष्णतेने औषध मरत असणार. मग तिने इथर घेतलं, कारण ते ३५ अंशांनाच उकळतं. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर शंभर टक्के लागू पडला.

पुढच्या वर्षी माणसांना देण्याआधी तिने आणि दोन सहकाऱ्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं. २०१५ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा तिच्या नावापुढे ना डॉक्टरेट, ना वैद्यकाची पदवी, ना परदेशी शिक्षण.

आम्ही सगळे तीच ओळ वाचतो हो. आपल्याला जे दिसायचंय तेच त्यात दिसतं. काय लिहिलेलं *नाही* ते वाचायला वेगळे डोळे लागतात.

गणोबा

धागा आवडला, अट नाही. 'पहिली' या शब्दावर एवढा राग का? कमला सोहोनींचं बघा. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. गुणांत वर. रामन म्हणाले, मुलींना घेत नाही. त्या बंगळूरला जाऊन धडकल्या. शेवटी घेतलं, पण वर्षभर तात्पुरतं, आणि तुमच्यामुळे बाकीच्यांचं लक्ष विचलित होता कामा नये अशी अट घालून. त्यांनी वर्षभर खाली मान घालून काम केलं, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळायला लागला. केंब्रिजला जाऊन बटाट्यातल्या सायटोक्रोम सी वर प्रबंध लिहिला, १९३९, जेमतेम ४० पानं. पानं कमी असली तरी शोध असा की वनस्पतींच्या श्वसनातही हे द्रव्य असतं. आता मला सांगा, त्या पहिल्या होत्या हे वगळून ही गोष्ट कशी सांगायची? दार उघडणं हेच इथे काम आहे.

शाईची दौत

गणोबा, रात्रभर यावर विचार केला. तुमचं बरोबर आहे. माझा राग शब्दावर नाही, त्यापुढे येणाऱ्या पूर्णविरामावर आहे. तेव्हा अट बदलते: पहिली म्हणा, पण मग दुसरी कधी आली तेही सांगा.

आकडेमोड

आवडलं! भौतिकशास्त्राचं नोबेल. मेरी क्यूरी १९०३. दुसरी मारिया गोपर्ट-मायर, १९६३. साठ वर्षं! तिसरी डॉना स्ट्रिकलंड, २०१८. त्यानंतर २०२० आणि २०२३. गोपर्ट-मायरने कित्येक वर्षं विद्यापीठांत बिनपगारी काम केलं. तिच्या गावच्या वर्तमानपत्राचा मथळा काय होता, तर इथल्या एका आईला नोबेल.

उत्तररात्र

अंतराळ. तेरेश्कोवा जून १९६३. दुसरी साविट्स्काया, ऑगस्ट १९८२. एकोणीस वर्षं. म्हणजे मधली एकोणीस वर्षं सगळे जण त्या एकीचाच फोटो दाखवत होते.

कोहं

हे फार बेक्कार आहे. पहिलीचं कौतुक म्हणजे दुसरी न आणण्याची सोय.

सांजसावली

उलटं उदाहरण देते. एव्हरेस्ट. जुंको ताबेई १६ मे १९७५. दुसरी तिबेटची फानथोग, २७ मे १९७५, डोंगराच्या दुसऱ्या बाजूने. अकरा दिवस!

ताबेईच्या चमूला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं, घरी बसून मुलं सांभाळा म्हणायचे. मोटारीच्या सीटच्या कव्हरांचे हातमोजे शिवले त्यांनी. शिखराच्या बारा दिवस आधी हिमकडा कोसळून तंबू गाडला गेला, ताबेई बेशुद्ध, शेर्पांनी पाय धरून ओढून काढलं. आणि पुढे लोक 'पहिली महिला' म्हणायला लागले की ती म्हणायची, मला एव्हरेस्टवर गेलेली ३६ वी व्यक्ती म्हणा.

शाईताई, तुमच्या बाजूची आहे ती. :)

शाईची दौत

३६ वी! धागा इथेच बंद केला तरी चालेल.

सांजसावली

थांबा, मला अजून एक घालायचंय, तिला नाव नाही. २४ ऑक्टोबर १९७५, आइसलंड. बायकांनी एक दिवस काहीच करायचं नाही असं ठरवलं, नोकरीवरचंही आणि घरचंही. 'संप' शब्दाला बऱ्याच जणी बिचकत होत्या, म्हणून नाव दिलं 'सुट्टीचा दिवस'. काय डोकं आहे बघा. सुट्टी घेतली म्हणून कुणाला काढणार? देशातल्या ९० टक्के बायकांनी घेतली. शाळा बंद, बँकांत साहेब लोक खिडकीवर, बाप मुलांना घेऊन कचेरीत. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याच्या मागून पोरांचा कालवा ऐकू येत होता म्हणे. आणि दुकानांतली सॉसेजं संपली, कारण बापांना तेवढंच करता येत होतं. पुढच्या वर्षी समानतेचा कायदा आला. पाच वर्षांनी विगदिस राष्ट्राध्यक्ष झाल्या.

गणोबा

सॉसेजं संपली यापुढे कुठलाही अभ्यास नको.

वाटसरू२२

उधारी फेडतो. शब्द न वापरता.

एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला. तिघी विद्यार्थिनी. डावीकडे आनंदीबाई, लुगड्यात. मधे जपानच्या केई ओकामी, किमोनोत. उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली, त्यांच्याकडच्या पोशाखात. कुणीही हसत नाहीये. आनंदीबाईंचं वय वीस. त्याआधी सहा-सात वर्षांपूर्वी त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. पुढच्या मार्चमध्ये पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र, जुन्या हिंदू ग्रंथांतलं.

मी फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसलो. तिघी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत असतील? तिघींची इंग्रजी आपापल्या परीने शिकलेली. एवढंच मनात आलं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

जुनीपानं

वाटसरू, उधारी व्याजासकट फिटली.

उत्तररात्र

झोप येत नाहीये म्हणून एक शेवटची टाकतो, सगळ्यात जुनी. एनहेदुआना. इराकमधलं उर, सुमारे ४३०० वर्षांपूर्वी. सारगॉन राजाची मुलगी, चंद्रदेवाची पुजारीण. देवीची स्तोत्रं तिच्या नावावर आहेत आणि त्यांत ती मधेच 'मी एनहेदुआना' म्हणून बोलते. आपल्या हाती असलेल्या प्रती काही शतकांनंतरच्या, त्यामुळे स्तोत्रं खरोखर तिचीच का, यावर पंडितांचा वाद चालू आहे. पण बाई होती यात शंका नाही. १९२७ मध्ये तिची कोरीव दगडी तबकडी सापडली, त्यावर नाव आहे. आणि उरच्याच उत्खननात एक छोटासा शिक्का मिळाला. तो तिचा नाही, तिची वेणीफणी करणाऱ्याचा. त्याने शिक्क्यावर आपलं नाव घातलंय आणि हुद्दा: एनहेदुआनाचा केशभूषाकार.

टिकलीएवढं

म्हणजे चार हजारांहून जास्त वर्षं बाईंची खात्री पटवायला तिचा न्हावी साक्षीला उभा! त्या तबकडीवर केस दिसतात का हो?

उत्तररात्र

डोक्यावर गोल काठाची टोपी आहे.

टिकलीएवढं

बिचारा.